वीस वर्षांचा अनुभव? खरंच?

‘‘तीन वर्षांचे एकदम भरले तर सहा हजार नऊशे म्हणतोय. वर एक डोमेन फुकट. आणि वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना!’’

मावशीने हे सगळं फोनवर एका दमात सांगितलं. शेवटचं वाक्य तर अशा आवाजात, की जणू स्थळ आलंय आणि मुलगा बँकेत पर्मनंट आहे.

मावशी घोडपदेवला राहते. न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी टॉवर बांधले, त्यातल्या एकात. मसाले, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि दिवाळीत फराळ, असा तिचा घरगुती धंदा. पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने तिला वेबसाइट करून दिली. सुरुवातीला आम्ही सगळे हसलो होतो. पण मागच्या दिवाळीत निम्म्याहून जास्त ऑर्डरी त्या साइटवरून आल्या. चकलीला थेट दुबईहून मागणी! आता तो मित्र कॅनडाला गेलाय, जुन्या होस्टिंगची मुदत बारा दिवसांत संपतेय, आणि फोनवर कुणीतरी गोड आवाजाचा मुलगा ‘मॅडम, आजची ऑफर आजच’ करतोय.

‘‘पैसे भरू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘मी संध्याकाळी येते.’’

माझ्या या घाईला कारण आहे. फ्रीलान्स करायला लागले तेव्हा मीही असंच होस्टिंग घेतलं होतं. ‘15 वर्षांपासून आपल्या सेवेत’ असं त्यांच्या साइटवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले. चौदाव्या महिन्यात एका सकाळी माझी साइट उघडेना. त्यांचीही उघडेना. फोन बंद, ई-मेल परत. माझा सगळा पोर्टफोलिओ, म्हणजे चार वर्षांतले लेख, फोटो, बंद पडलेल्या दोन मासिकांतल्या मुलाखती, सगळं त्यांच्याकडेच होतं. बॅकअप? तो काय असतो हे मला त्या सकाळी कळलं. त्याच आठवड्यात एका मोठ्या ब्रँडच्या मॅगझिनने ‘कामाची लिंक पाठवा’ म्हटलं होतं. काय पाठवणार, कप्पाळ?

तर फंडा असा, की होस्टिंग कंपनी किती जुनी आहे हा प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. तुमचं दुकान ज्याच्या गाळ्यात आहे, तो मालक उद्या शटर ओढून पळणार की नाही, याचा तो प्रश्न आहे.

रे रोडला उतरून मी चालत गेले. या भागात बंद गिरण्या, गोदी, दारूखान्याचं भंगार आणि नवे टॉवर असं सगळं एकाच फ्रेममध्ये दिसतं. इथे जुनेपणाला भारी किंमत! दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना’ असतेच, आणि मंडळाच्या बॅनरवर ‘वर्ष 60 वे’ नसेल तर वर्गणी कोण देणार? मावशीच्या घरी पोहोचले तर चहा तयार, लॅपटॉप उघडा आणि सोफ्यावर आजोबा. म्हणजे मावशीचे सासरे. सत्तरी पार केलेले जुने गिरणी कामगार. त्यांना होस्टिंग म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण भांडण म्हटलं की ते पुढे सरसावून बसतात.

कंपनीची साइट उघडली. चकाचक. हेडफोन लावलेली गोरी मुलगी हसतेय. खाली तळाला © 2004.

‘‘हे बघ,’’ मावशी म्हणाली, ‘‘2004.’’

‘‘हे कुणी लिहिलं?’’ आजोबांनी विचारलं.

‘‘त्यांनीच.’’

‘‘मग काय उपयोग?’’

आणि मग आजोबांनी जे सांगितलं, ते मला माझ्या मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. हे घर मिळवण्यासाठी त्यांना सिद्ध करावं लागलं होतं, की 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर ते गिरणीच्या पटावर होते. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, त्यामुळे ही तारीख. ‘मी होतो हो गिरणीत’ हे स्वतः सांगून भागत नव्हतं. तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक, हजेरीपत्रक, पगाराची पावती, यातलं काहीतरी दाखवावं लागत होतं. ‘‘म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं,’’ आजोबा म्हणाले. ‘‘आपण लिहिलेलं कोण धरतंय?’’

बस्स. पुढचे दोन तास आम्ही तेच केलं. कंपनीने स्वतः न लिहिलेलं शोधत बसलो.

पहिला थांबा डोमेनचा. कोणत्याही वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं गेलं, ती तारीख रजिस्ट्रीकडे असते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. पूर्वी याला ‘हूइज’ म्हणायचे. 28 जानेवारी 2025 पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी ‘आरडॅप’ ही नवी पद्धत अधिकृत झाली आहे, पण बघणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. नाव टाका, ‘क्रिएशन डेट’ बघा. 2018 मध्ये युरोपचा प्रायव्हसीचा कायदा आल्यापासून मालकाचं नाव-पत्ता बहुतेक वेळा झाकलेला असतो. तारीख मात्र दिसते.

आली तारीख. 2004!

मावशीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मला थोडं ओशाळल्यासारखंही झालं. पण यार, इथेच तर सगळ्यात मोठा लोचा आहे. डोमेनचं वय आणि कंपनीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी. जगातलं पहिलं डॉट कॉम नाव ‘सिंबॉलिक्स’ या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीने 15 मार्च 1985 ला नोंदवलं. 2009 मध्ये ते एका गुंतवणूकदाराने विकत घेतलं. क्रिएशन डेट? अजून 1985च. नाव हातोहात विकलं जातं, जन्मतारीख नावालाच चिकटून राहते. जुनी डोमेन्स विकण्याचा तर रीतसर बाजार आहे, आणि ती घेणाऱ्यांत असे वीस वर्षांचा अनुभव एका दिवसात मिळवणारेही असतात.

उलटही होतं. एखादा बिचारा खरोखर जुना असतो, पण नाव रिन्यू करायला विसरतो. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर साधारण दीड महिन्यापर्यंत सवलत मिळू शकते, मग 30 दिवस जास्त पैसे मोजून सोडवता येतं, मग पाच दिवस नाव लटकतं आणि सुटतं. कुणीही घ्यावं. पुन्हा त्यानेच घेतलं तरी तारीख नव्याने सुरू. गणपती मंडळांचं याबाबतीत बरं असतं. लालबागचा राजा 1934 चा. 2020 मध्ये करोनामुळे मूर्तीच बसली नाही, आरोग्योत्सव झाला. तरी 2025 ला 92 वं वर्ष म्हणूनच उत्सव झाला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. डोमेनच्या रजिस्ट्रीला एवढं मोठं मन नाही.

म्हणून दुसरा थांबा, माझा सर्वांत लाडका. अमेरिकेतली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था 1996 पासून जगभरातल्या वेबसाइट्सची पानं साठवतेय, आणि 2001 पासून तिचं ‘वेबॅक मशीन’ सगळ्यांसाठी खुलं आहे. साइटचा पत्ता टाकायचा, कॅलेंडर येतं, जुन्या तारखेवर क्लिक करायचं. आपला जुना फेसबुक प्रोफाइल फोटो बघताना होतं तसंच काहीसं होतं. सगळी पानं नसतात, पण असतात ती पुरतात.

मी 2006 वर क्लिक केलं. पान हळूहळू उघडलं. बर्फाचे डोंगर, गुलाबी हृदय आणि… कुलू-मनाली हनिमून पॅकेज. पाच रात्री सहा दिवस, कँडललाइट डिनरसह.

मावशी हसून हसून खाली बसली. 2009, हनिमून. 2012, हनिमून. त्यानंतर काही वर्षं नुसतंच ‘हे नाव विक्रीला आहे’. आणि 2021 मध्ये पहिल्यांदा हेडफोनवाली गोरी मुलगी.

‘‘म्हणजे चार वर्षं,’’ आजोबा म्हणाले. ते भांडणाच्या पूर्ण तयारीत होते.

आता तुम्ही म्हणाल, कंपनी दुसऱ्या नावाने आधीपासून असेल तर? शक्य आहे. त्यासाठी तिसरा थांबा: कागद. प्रायव्हेट लिमिटेड किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी असेल तर तिला 21 अक्षरांचा सीआयएन असतो. तो दिसतो भयंकर, पण वाचायला सोपा आहे. सुरुवातीला लिस्टेड की अनलिस्टेड ते सांगणारं एक अक्षर, मग धंद्याचे पाच आकडे, मग राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्र असेल तर एम-एच), आणि लगेच पुढे चार आकडे. हे चार आकडे म्हणजे कंपनी नोंदवल्याचं वर्ष! नवव्यापासून बाराव्या स्थानापर्यंत. लेटरहेडवर आणि बिलावर हा नंबर छापणं 2013 च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन धंदा करणाऱ्या कंपनीने तो साइटच्या पहिल्या पानावर द्यायचा असतो. नसेल तर विचारायचं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर त्याच नंबराने कंपनी चालू आहे की यादीतून काढलीय, तेही कळतं.

आमच्या हेडफोनवाल्या कंपनीच्या साइटवर सीआयएन नव्हता. नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ मात्र ठसठशीत. मावशीला पाठवलेल्या कोटेशनवर जीएसटी नंबर होता. आता ही छोटीशी ट्रिक ऑफिसात कुणालाही दाखवा, भाव मिळेल. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कुणाचा आहे. कंपनीचा असेल तर ‘सी’, भागीदारी फर्मचा ‘एफ’, एकट्या माणसाचा ‘पी’. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं.

सहावं अक्षर ‘पी’ होतं. एकटा माणूस. एकट्याने धंदा करण्यात वाईट काहीच नाही (मीही एकटीच आहे), पण मग प्रायव्हेट लिमिटेड कशाला मिरवायचं?

जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला की नोंदणीची तारीख येते. इथे मात्र जपून. जीएसटी सुरूच झाला 1 जुलै 2017 ला, त्यामुळे जुन्यातल्या जुन्या पेढीचीही तारीख तीच दिसते. 1 जुलै 2017 दिसली तर समजा की हा गडी आधीच्या टॅक्समधून आलाय, म्हणजे शुभलक्षण. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला साधारणपणे नोंदणीची सक्तीच नाही, त्यामुळे नंबर नसणं म्हणजे लगेच चोर नव्हे. रिटर्न्स भरल्याच्या नोंदी तिथे दिसतात, त्या मला तारखेपेक्षा जास्त आवडतात. गेल्या महिन्यातही भरलंय म्हणजे माणूस जागेवर आहे.

आमच्या माणसाची तारीख होती 2022.

मी फोन लावला. स्पीकरवर टाकला. गोड आवाजाचा मुलगा खरंच गोड होता. मी विचारलं, वीस वर्षांचा अनुभव म्हणजे नक्की कसा? तो क्षणभरही अडखळला नाही. ‘‘मॅडम, टीमचा मिळून!’’

पाच जण, प्रत्येकी चार वर्षं. या हिशेबाने आमच्या घरातल्या बायकांना स्वयंपाकाचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

भारतातल्या कंपनीचे असे दावे ऐकताना मनाशी थोडा इतिहास ठेवलेला बरा. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत. खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली 1998 मध्ये. डॉट इन नावं तर 2005 पर्यंत मुंबईतल्याच एनसीएसटी या सरकारी संस्थेकडून, बऱ्याच अटी घालून मिळायची. 2005 मध्ये नियम सैल झाले आणि मग नावांचा पूर आला. तेव्हा 1990 पासून होस्टिंग करतोय असं कुणी म्हणालं, तर त्याला प्रेमाने विचारा, कुणासाठी?

मुंबईत खऱ्याखुऱ्या जुन्या कंपन्याही झाल्या. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी 1998 मध्ये इथे डायरेक्टी सुरू केली, तेव्हा ते कॉलेजवयातले होते. रिसेलरक्लब, बिगरॉक ही नावं त्याच घरातली. 2014 मध्ये हे होस्टिंग आणि डोमेनवाले ब्रँड अमेरिकेच्या एन्ड्युरन्सने विकत घेतले. 2021 मध्ये एन्ड्युरन्सचा तो धंदा न्यूफोल्ड डिजिटल या नव्या नावाखाली गेला. पाटी तीच, मालक तिसरा. मग वय कुठून मोजायचं? सर्व्हर कुणाचा, सपोर्टला कोण बसतं, पॉलिसी कोण ठरवतं, हे सगळं बदललेलं असू शकतं. विकत घेतलं म्हणजे बिघडलं असं अजिबात नाही. पण ‘1998 पासून’ हे दोन शब्द बरंच काही पोटात घालतात, एवढंच.

आणि जुनी म्हणजे भक्कम, हेही खरं नाही. नेटफोर इंडियाचं उदाहरण घ्या. देशातली जुनी, ओळखीची कंपनी. हजारो छोट्या धंद्यांची नावं तिच्याकडे होती. 2019 मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2020 पासून ग्राहकांच्या तक्रारींचा पाऊस सुरू झाला. नाव रिन्यू होत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, फोन कुणी उचलत नाही. लॉकडाऊनचे दिवस, दुकान बंद, आणि ऑनलाइन दुकानाची किल्ली भलत्याच्याच खिशात! डोमेन्सचा जगभरचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने फेब्रुवारी 2021 मध्ये तिची मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली आणि 70 हजारांहून अधिक नावांची जबाबदारी नंतर पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे सोपवली. गंमत म्हणजे ही रजिस्ट्रार कंपनीही मूळची डायरेक्टीच्याच घरातली. तिथल्या ग्राहकांनी सगळे थांबे तपासले असते, तरी वयाच्या परीक्षेत नेटफोर पहिल्या नंबराने पास झाली असती.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ‘‘मग करायचं काय? साइट बंद करू?’’

आजोबांनी सहाव्या मजल्यावरच्या मुलाचं नाव काढलं. तो म्हणे आसपासच्या चार-पाच मंडळांच्या, दोन क्लासेसच्या आणि एका डेंटिस्टच्या साइट सांभाळतो. बोलावलं. बर्म्युडा घालून आला. त्याची स्वतःची साइट बघितली तर… अहो, ती गेल्या तीन वर्षांत अपडेटच केलेली नाही. सीआयएन नाही, जीएसटी नाही. मोठ्या कंपनीचा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्यातली जागा वाटून द्यायची, हा त्याचा धंदा. याला रिसेलर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर बाजारातल्या कितीतरी ‘कंपन्या’ नेमक्या एवढ्याच असतात. याने वरचं भाडं थकवलं की खालचे सगळे अंधारात. माझ्या साइटचं बहुधा असंच झालं होतं.

पण त्याने हे स्वतःहून सांगितलं. कुठला सर्व्हर, कुणाकडून, महिन्याला किती, सगळं.

मी विचारलं, किती वर्षं करतोयस? तो घरी जाऊन गुमास्ता घेऊन आला. महापालिकेचा, 2014 चा, लॅमिनेट केलेला. (2017 च्या नव्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला नुसती सूचना देऊन भागतं, पण जुना गुमास्ता हा जुना गुमास्ता!) मग मी म्हटलं, तुझा सगळ्यात जुना कस्टमर कोण? ‘‘डेंटिस्ट. खाली नाक्यावरच दवाखाना आहे. विचारून या.’’

गेले ना मी. डॉक्टरांनी एका पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला आणि मला सांगितलं, की नऊ वर्षांत दोनदा साइट बंद पडली, एकदा रात्रभर. ‘‘पण फोन उचलतो,’’ ते म्हणाले. पेशंटनेही मान हलवली. बहुतेक त्याचीही साइट असावी.

मावशीने त्याला एकाच वर्षाचे पैसे दिले. तीन वर्षांची सूट त्याने देऊ केली होती, तिनेच नको म्हटलं. डोमेन मात्र त्याच्याकडे ठेवलं नाही. ते वेगळ्या रजिस्ट्रारकडे, मावशीच्या स्वतःच्या ई-मेलवर, पासवर्ड तिच्या डायरीत. होस्टिंग गेलं तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं, नाव गेलं तर दुबईच्या चकल्याही गेल्या. बॅकअप दर रविवारी, पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह गोडा मसाल्याच्या रिकाम्या बरणीत असतो, का ते विचारू नका.

साइट हलवण्याच्या रात्री सगळी पानं तपासत होतो. ‘आमच्याविषयी’ उघडलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 1985 पासून आपल्या सेवेत.

मी मावशीकडे बघितलं. तिचं लग्न झालं 1996 मध्ये.

‘‘सासूबाईंची खानावळ होती गं,’’ ती घाईघाईने म्हणाली. ‘‘मसाले त्यांचेच. मित्राने विचारलं वर्ष, मी आपलं अंदाजे सांगितलं.’’

‘‘एकोणऐंशी,’’ आजोबा सोफ्यावरून म्हणाले. ‘‘संपाच्या आधी तीन वर्षं.’’

‘‘कागद आहे?’’ मी विचारलं. चेष्टेतच.

ते उठले. कपाटाच्या वरच्या खणातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लाल कापडी बांधणीची वही काढली. पहिल्या पानावर श्री, खाली तारीख, 1979 चा जून. मग आजींच्या गोल अक्षरांत खानावळीला जेवणाऱ्या अकरा जणांची नावं. प्रत्येकापुढे गाव, गिरणी, पाळी आणि महिन्याचा हिशेब. कडेला बाकीचा रकाना.

आम्ही साइटवर 1979 केलं. आजोबा अजून वहीच वाचत होते. तिघांची बाकी यायची राहिलीय म्हणाले.